तबेल्यातून टर्बोपर्यंत

मीरा रोड वा भाईंदरच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात ताडपत्री पांघरलेली जुनी मोटार दिसली, की तिचा मालक बहुधा दोनपैकी एका प्रकारचा असतो. एक, ती भंगारात द्यायचे महिनोन्‌महिने पुढे ढकलणारा. दुसरा, रविवारी सकाळी ताडपत्री सारून बॉनेट उघडणारा आणि जेवणाची हाक आली तरी हातातला पाना खाली न ठेवणारा. या दुसऱ्या जातीच्या माणसांचा मूळपुरुष शोधायचा, तर लंडनच्या उत्तरेकडील हॉर्नसी या उपनगरात जावे लागते. तेथे वाढलेल्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये एका मोडक्या मोटारीचे घरच्या घरी रूप पालटले. तेथून निघालेली वाट सात जागतिक विजेतेपदे आणि एका गाजलेल्या टर्बो स्पोर्टस कारपर्यंत पोहोचली. पुढे ती एका फौजदारी न्यायालयाच्या दारातही गेली. मात्र तोवर चॅपमन हयात नव्हता.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी रिचमंड येथे झाला. वडील हॉर्नसीत रेल्वे हॉटेल नावाचे हॉटेल चालवीत. कॉलिनने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायला शिकला आणि उरलेल्या वेळात एका मित्राच्या भागीदारीत जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करू लागला. महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये नव्या मोटारी दुर्मीळ होत्या, त्यामुळे जुन्यांना भाव होता. परंतु पेट्रोल रेशनवर मिळत होते. १९४७ मध्ये सरकारने खासगी वापराचे रेशन बंद केले आणि हा धंदा एका फटक्यात बसला. मिळेल त्या किमतीला माल विकून झाल्यावर एक मोटार मागे राहिली, जुनी ऑस्टिन सेव्हन. तिला गिऱ्हाईक नव्हते.

ही ऑस्टिन चॅपमनने आपली मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये नेली. तिचे जुने कलेवर उतरवले, चासी उघडी केली आणि तिच्यावर नवा सांगाडा उभारला. यात नवलाची गोष्ट अशी, की त्याने साहित्य साधेच वापरले, पण विचार विमानाचा केला. मोटारीची बॉडी हे तोवर चासीवर ठेवलेले ओझे समजले जाई. चॅपमनने आडव्या भिंती घालून त्यांवर धातूचा पातळ पत्रा चिकटवलेले प्लायवूड ठोकले आणि त्या पेटीलाच ताण सोसायला लावले. चासीला बळकटी आली आणि वजनही फारसे वाढले नाही. विमानाच्या धडात जे तत्त्व असते, तेच हे. ज्याचे वजन वाहावे लागते त्या प्रत्येक भागाने काही काम केलेच पाहिजे, हा हिशेब त्याने आयुष्यभर सोडला नाही.

चिखलातील चढांवर घेतल्या जाणाऱ्या त्या काळच्या ट्रायल्स स्पर्धांत कॉलिन आणि हेझल ही मोटार घेऊन उतरले. तिला त्याने लोटस हे नाव दिले. कमळाचे नाव का, हे त्याने कधीही उघड केले नाही. हेझलला तो लाडाने कमळकळी म्हणत असे, असे सांगतात. पण ते सांगणारे इतर लोक आहेत. पुढे बोधचिन्हात त्याने स्वतःच्या नावाची चारही आद्याक्षरे गुंफली आणि नावाचे गूढ तसेच ठेवले.

पदवी परीक्षेत गणिताच्या पेपरात तो नापास झाला आणि तो पुन्हा देऊन १९४९ मध्ये उत्तीर्ण झाला. मधल्या काळात हवाई दलात थोडे दिवस काढले. नंतर ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम या कंपनीत नोकरी धरली. दिवसा अ‍ॅल्युमिनियम बांधकामात कसे वापरावे हे लोकांना समजावून सांगायचे आणि रात्री तेच ज्ञान मोटारीवर वापरायचे, असा त्याचा क्रम होता.

त्याच्या हातची खरी करामत दिसली ती १९५१ च्या मार्क थ्री या मोटारीत. ऑस्टिन सेव्हनचे सुटे भाग वापरून स्वस्तात शर्यती खेळता याव्यात म्हणून तेथील सेव्हन फिफ्टी मोटर क्लबने एक गट ठरवून दिला होता. मायकेल आणि नायजेल अ‍ॅलन या बंधूंच्या घरच्या गॅरेजमध्ये तिघांसाठी सारख्या तीन मोटारी बांधायचे ठरले. प्रत्यक्षात एकच पूर्ण झाली, आणि ती चॅपमनची होती. ऑस्टिनच्या इंजिनाला चार सिलिंडर, परंतु हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी द्वारे दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरांना एकच द्वार. एक सिलिंडर मिश्रण ओढत असतानाच लगतचाही ओढू लागला, की दोघांत चढाओढ होई आणि एक अर्धपोटी राही. सारेच स्पर्धक हा दोष गृहीत धरून चालत. चॅपमनने द्वाराच्या आतच पडदा घातला आणि इनलेट मॅनिफोल्डही तसाच विभागला. दोनांची चार द्वारे झाली. इंजिन तेच, आकारमान तेच, नियमावलीतील एकाही ओळीचा भंग नाही, आणि मोटार मात्र इतरांच्या कितीतरी पुढे. हंगाम संपल्यावर क्लबला ही युक्ती बंद करणारा नियम करावा लागला.

एका साध्या पडद्यामुळे नियमावली बदलावी लागते, हा अनुभव तेविसाव्या वर्षी घेतलेल्या तरुणाने त्यातून काय शिकावे? चॅपमन जे शिकला, ते त्याला कीर्ती देऊन गेले. त्याचेच काही परिणाम पुढे इतरांना भोगावे लागले.

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनीअरिंग कंपनीची स्थापना झाली. भांडवल हेझलने उसने दिलेले २५ पौंड आणि जागा वडिलांच्या हॉटेलमागील जुना घोड्यांचा तबेला. मायकेल अ‍ॅलन लवकरच बाहेर पडला. चॅपमनने नोकरी तेव्हाही सोडली नव्हती. तो १९५५ मध्ये पूर्ण वेळ लोटसकडे आला. तबेल्यात संध्याकाळी मदतीला येणाऱ्या हौशी मंडळींत पुढे नावारूपाला आलेले कितीतरी जण होते. माइक कॉस्टिन त्यांपैकीच. त्याने कीथ डकवर्थसह कॉसवर्थ ही इंजिनांची कंपनी काढली. दिवसाला एक पौंड मजुरीवर काम करणारा मेकॅनिक ग्रॅहम हिल पुढे दोनदा जगज्जेता झाला.

तबेल्यातून बाहेर पडलेली पहिली विक्रीयोग्य मोटार म्हणजे मार्क सिक्स. पोलादी नळ्यांचा तिचा मूळ सांगाडा अवघा सुमारे २५ किलो वजनाचा होता. तो घ्यायचा, अपघातात मोडलेल्या एखाद्या फोर्ड मोटारीचे इंजिन, आस आणि चाके काढायची आणि दोन्हींची घरी जोडणी करायची. ब्रिटनमध्ये तयार नव्या मोटारीवर त्या काळी जबर खरेदीकर होता. काही वर्षे तो घाऊक किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. सुट्या भागांच्या जुळणीला तो लागत नसे. चॅपमनने गिऱ्हाइकाला मोटार न विकता मोटारीचे सामान विकले. १९५७ मध्ये आलेल्या लोटस सेव्हनने हाच प्रकार घराघरांत नेला. जुळणीच्या सूचना सोबत दिल्यास कर लागू होईल, म्हणून गिऱ्हाइकाला मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि त्या त्याने शेवटाकडून वाचाव्यात असे सुचवले जाई, ही कथा मोटारप्रेमी आजही आवडीने सांगतात.

कारकून, शिक्षक, विद्यार्थी अशा मंडळींनी घरामागे, अंगणात, कधी बंद गल्लीत या मोटारी उभ्या केल्या. रविवारी त्याच मोटारीने शर्यतीला जायचे आणि सोमवारी तिच्यातूनच कामावर. भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यांत पत्रा वळवणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या किंवा काशिमिऱ्याच्या महामार्गालगत गॅरेज टाकून बसलेल्या कारागिराला यातले एकही काम अवघड वाटणार नाही. अडचण कारागिरीची नाही. आपल्याकडील मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जुनी मोटार मूळ रूपात आणणे वेगळे आणि तिची ताकद वाढवणे वेगळे, ही रेषा आपल्या हौशी मंडळींना पाळावीच लागते. चॅपमनच्या इंग्लंडमध्ये ती बरीच पुसट होती.

ब्रिटनमध्ये १९७३ साली खरेदीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि सामानाच्या पेट्यांचा फायदा संपला. सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याकडे गेले. ती मोटार केटरहॅमच्या नावाने आजही तयार होते आणि आजही काही गिऱ्हाईक ती पेट्यांतूनच मागवतात.

शर्यतीतील चॅपमनच्या यशाची यादी मोठी आहे आणि ती अनेकांना पाठही आहे. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि पत्र्याच्या पेटीला चासी बनवले. त्या मोटारीत जिम क्लार्क १९६३ साली जगज्जेता झाला. तिच्या पुढच्या आवृत्तीत तो १९६५ मध्ये पुन्हा झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियानापोलिसची शर्यतही त्याने जिंकली. १९७८ पर्यंत लोटसने उत्पादकांची सात विजेतेपदे मिळवली. शर्यतीच्या मोटारीवर सिगारेट कंपनीचे रंग चढवून पुरस्कर्त्यांचे युग आणणाऱ्यांतही चॅपमनच पुढे होता.

परंतु या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवावी लागते. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे एकाच शनिवार-रविवारी स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाक निखळून तो जबर जखमी झाला, माइक टेलरच्या लोटसचे स्टिअरिंग तुटून त्याची कारकीर्द संपली आणि अ‍ॅलन स्टेसी तोंडावर पक्षी आदळून मरण पावला. स्टेसीच्या मृत्यूचा दोष मोटारीकडे जात नाही. बाकीच्या दोन अपघातांचा जातो. १९६८ मध्ये जिम क्लार्क हॉकेनहाइम येथे गेला. बहुधा मागच्या टायरमधील हवा गेल्यामुळे. १९६९ मध्ये बार्सिलोनात उंच दांड्यांवर बसवलेले पंख मोडून हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही मोटारी आदळल्या. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहून मोटारींच्या नाजूकपणाविषयी स्पष्ट तक्रार केली. वजन किंचित वाढवून काही भाग मजबूत करावेत, एवढेच त्याचे मागणे होते. पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, मोंझाच्या सरावात ब्रेक लावताना रिंटची लोटस ७२ कठड्यावर गेली. चाकापासून आत बसवलेल्या ब्रेकला जोडणारा दांडा तुटला होता. रिंटने पट्ट्यांपैकी एक पट्टा बांधला नव्हता, हेही खरे. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो एकमेव चालक आहे.

चॅपमन निर्दय होता, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. क्लार्कच्या जाण्याने तो कोसळला होता, हे जवळच्यांनी पाहिले. प्रत्येक भागातून अनावश्यक ते काढून टाकण्याची जी दृष्टी गॅरेजमधल्या ऑस्टिनवर तयार झाली, तिला अनावश्यक आणि राखीव यांतला फरक मात्र नेहमीच दिसत नव्हता. चिखलातल्या चढावर पट्टी मोडली तर माणूस खाली उतरून ढकलतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाला ती सोय नसते.

रस्त्यावरच्या मोटारींकडे चॅपमन वळला होताच. १९६६ मध्ये कारखाना नॉरफकमधील हेथेल येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर हलला. तेथून १९७६ पासून एस्प्री ही मोटार बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या चित्रपटात पाण्याखाली पोहणारी पांढरी मोटार म्हणून तिला जगाने पाहिले. १९८० मध्ये आली एस्प्री टर्बो.

टर्बोचार्जरचे तत्त्व चॅपमनच्या वृत्तीला फारच मानवणारे होते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्याच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच आसावर दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरायची. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून ताकद अधिक. इंजिनाचे आकारमान मात्र तेवढेच. एस्प्रीचे टर्बो नसलेले इंजिन १६० अश्वशक्तीचे होते. टर्बो जोडल्यावर २.२ लिटरच्या इंजिनातून २१० अश्वशक्ती मिळू लागली. थांबल्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ही मोटार सुमारे सहा सेकंदांत गाठी आणि पुढे ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जाई.

येथे मात्र हेथेलच्या अभियंत्यांनी काटकसर केली नाही. दाबलेली हवा तापते आणि तापलेले मिश्रण वेळेआधीच पेटून पिस्टन जाळू शकते. म्हणून इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरवले. चासी बदलून जस्ताच्या मुलाम्याची केली, ब्रेक मोठे बसवले. हवा कार्ब्युरेटरमधून दाबानेच जात असल्याने पेट्रोलचा दाबही तिच्याबरोबर वाढेल अशी व्यवस्था ठेवली. घरी ही मोटार पुन्हा उभी करणाऱ्यांना आजही हेच कोष्टक पाळावे लागते. टर्बोचा दाब थोडा वाढवून ताकद मिळवणे फार सोपे असते. पेट्रोलचा पुरवठा त्या प्रमाणात वाढला नाही, तर पिस्टनला भोक पडायला एक चढ पुरतो. जोरात चालवून आणल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होते. कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टा वेळेवर बदलायचा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. फायबरची बॉडी गंजत नाही, पण तिला तडे जातात. आणि तबेल्यातल्या दिवसांची एक खूण या महागड्या मोटारीतही राहिली होती. तिचा गिअरबॉक्स सित्रोएनचा, मागचे दिवे रोव्हरचे आणि दाराच्या मुठी मॉरिस मरिना या साध्या मोटारीच्या होत्या. जे दुसऱ्याने केले आहे ते आपण पुन्हा का करावे, हा मार्क सिक्सच्या काळचा हिशेब शेवटपर्यंत चालू होता.

त्याच वर्षांत चॅपमन दुसऱ्याच एका मोटारीत गुंतला होता. अमेरिकन उद्योजक जॉन डेलोरियन ब्रिटिश सरकारच्या पैशातून बेलफास्टजवळ कारखाना काढत होता आणि त्याच्या मोटारीचे तांत्रिक काम १९७८ मध्ये लोटसकडे आले. या कामाचे सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर जिनिव्हात कार्यालय आणि पनामात नोंदणी असलेल्या एका कंपनीमार्फत वळवण्यात आले आणि ते लोटसच्या हिशेबात कधी उतरलेच नाहीत. डेलोरियनची कंपनी १९८२ च्या फेब्रुवारीत बुडाली आणि चौकशी हळूहळू हेथेलकडे सरकू लागली. शर्यतीतही त्याचे बरे चालले नव्हते. दोन चासी एकात एक बसवलेली त्याची लोटस ८८ ही मोटार १९८१ मध्ये नियमबाह्य ठरवण्यात आली. तीस वर्षांपूर्वी इनलेटमधल्या पडद्याने जमले ते या वेळी जमले नाही, आणि तो निर्णय त्याच्या जिव्हारी लागला.

१६ डिसेंबर १९८२ रोजी पहाटे नॉरफकमधील घरी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमनचे निधन झाले. वय ५४. त्याच दिवशी स्नेटरटन येथे संगणकाने नियंत्रित होणाऱ्या सस्पेन्शनची लोटस पहिल्यांदा चाचणीसाठी धावणार होती. रेनॉच्या टर्बो इंजिनाचा करार त्याने त्याच वर्षी केला होता. ते इंजिन बसवलेली पहिली लोटस १९८३ च्या हंगामात उतरली.

डेलोरियन प्रकरणाचा निकाल दहा वर्षांनी लागला. तबेल्याच्या दिवसांपासून चॅपमनचे हिशेब पाहणारा फ्रेड बुशेल १९९२ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयात दोषी असल्याचे मान्य करून तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. चॅपमन हयात असता, तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे मत न्यायाधीशांनी नोंदवले. सेव्हनच्या पेट्या विकताना कराची जी फट शोधली ती कायद्याच्या आत होती. ही बाहेरची होती.

हेथेलचा कारखाना पुढे मलेशियाच्या प्रोटॉनकडे आणि २०१७ मध्ये चीनच्या जीलीकडे गेला. एस्प्रीचे उत्पादन २००४ पर्यंत चालले. हेझलच्या घरामागे बांधलेली ती पहिली लोटस मात्र १९५० मध्ये विकली गेली आणि हातोहात फिरत कोठेतरी हरवली. चॅपमन कुटुंब आणि लोटसचे चाहते तिचा शोध घेत आहेत. ओएक्स ९२९२ या नंबरपाटीची ती मोटार अद्याप सापडलेली नाही.